लिलाव म्हणजे बोलणं नव्हे

फळबाजारात तिला सगळे तोफ म्हणत आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. पहाटे गाळ्यांची शटरं वर गेली की ती पालथ्या क्रेटवर उभी राही, कमरेला हात लावी आणि तोंड उघडी. मग बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणाऱ्याच्या कपात तरंग उठत, असं हमाल सांगत. हमालांचं काय, ते काहीही सांगतात. पण तिचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई, हे खरं.

सुरुवातीला ती तिथं फळं निवडायला बसायची. लिलाव पुकारणाऱ्या म्हाताऱ्याचा घसा एका सकाळी बसला, व्यापारी ताटकळले, आणि मालक “आता काय करायचं?” असं म्हणेपर्यंत ही क्रेटवर चढलीसुद्धा. उतरली ती वीसेक वर्षांनी, आणि तीही स्वतःच्या पायांनी नाही.

झालं ते क्षणात झालं. सफरचंदांच्या पेट्यांची थप्पी कलली. खाली एक हमाल बिडी शोधत उभा होता. “अरे मेल्या, बाजूला हो!” ती ओरडली. हमाल बाजूला झाला. ती नाही झाली.

शुद्धीवर आली तेव्हा डोक्याला पट्ट्या होत्या, उजवा हात दुसऱ्याच कुणाचातरी असल्यासारखा शेजारी पडला होता, आणि समोर एक सर्जन वाकून विचारत होता, “कसं वाटतंय?”

तिला सांगायचं होतं की घसा कोरडा पडलाय, उशी टोचतेय, आणि तो हमाल वाचला का? तोंडातून आलं, “मेल्या.”

“बोलल्या!” सर्जन आनंदानं म्हणाला.

पुढचा महिनाभर ती तेवढंच बोलली. डॉक्टर मेल्या, नर्स मेल्या, भेटायला आलेला बाजाराचा मालक मेल्या. मालकाला ते फारसं खटकलं नाही, कारण त्याला ती आधीही तसंच म्हणायची. पण तिच्या नणंदेला ती पहिल्यांदा तसं म्हणाली, तेव्हा नणंद खोलीबाहेर जाऊन ढसाढसा रडली. दोघी एकाच छपराखाली राहत. तोफेचा नवरा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ज्याच्यामुळे नातं, तोच मधून गेला तरी या दोघी काही वेगळ्या झाल्या नाहीत. नणंद घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करी, तोफ बाजार करी, आणि रात्री जेवताना दोघी कडाकडा भांडत. वरच्या मजल्यावरचा कुलूपवाला म्हणे, “यांचं भांडण झालं नाही तर मला झोप लागत नाही.”

आता ते भांडणच गेलं होतं. तोफेला समजत सगळं होतं. नणंदेनं भाजीत मीठ जास्त घातलं की समजे, डॉक्टर खोटा धीर देतोय तेही समजे. त्यावर द्यायची उत्तरंसुद्धा डोक्यात तयार असत, तीही झणझणीत. पण डोकं आणि जीभ यांच्यामधला पूल कोसळला होता. शब्द अलीकडच्या काठावर नुसते उभे.

जीव वाचवायला सरकारकडे पैसे असतात. वाचवलेल्या जिवाचं पुढे करायचं काय, यासाठी मात्र समित्या असतात. तोफेचं नशीब थोडं बरं, एका सरकारी योजनेतून तिला पुनर्वसन केंद्रात जागा मिळाली. केंद्र म्हणजे पूर्वीचं गोदामच. दोन लांबलचक दालनं. एकात डोक्याला मार लागलेले, दुसऱ्यात पाठीचा कणा मोडलेले. तिथली माणसं स्वतःच त्यांना डोकेवाले आणि कणेवाले म्हणत. जेवणाची खोली एकच, तिथं दोन्ही पक्षांची गाठ पडे.

कणेवाल्यांमध्ये एक ट्रकड्रायव्हर होता. त्याला सगळे स्टेअरिंग म्हणत, कारण चाकाची खुर्ची वळवताना तो तोंडानं हॉर्न वाजवी. त्याचा सरकारला एक कायमचा सल्ला असे. “डोकेवाल्यांना चालता येतं, पण कुठं जायचं ते सांगता येत नाही. आम्हाला कुठं जायचं ते पाठ आहे, पण चालता येत नाही. दोघांना जोडून एकेक धड माणूस करा आणि निम्म्या खर्चात घरी पाठवा.”

तोफ हसली की तिचं अर्धंच तोंड हसे. स्टेअरिंग म्हणे, “चालेल, उरलेलं उद्या हसा.”

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना केंद्रात वाचाताई म्हणत. पन्नाशीच्या, दम्याच्या, आणि स्वभावानं तिखट. त्यांचा एकच कायदा होता: तोफेच्या तोंडचा शब्द कुणी पळवायचा नाही. ती पाण्याकडे बघून “पा… पा…” करू लागली आणि नणंदेनं “पाणी हवंय का वहिनी?” असं म्हटलं, की वाचाताई छडीविना मारकुट्या मास्तरीणबाई होत. “तुम्हाला तहान लागलीय का? नाही ना? मग गप्प बसा. त्यांना काढू द्या.”

“अहो, पण किती वेळ लागतो!”

“लागू दे. तुमची बस सुटतेय का?”

विहिरीतून पोहरा ओढून काढावा तसा तोफ एकेक शब्द काढी. निम्मा पोहरा वाटेत सांडे. कधी पोहऱ्यातून भलतंच वर येई, म्हणजे खिडकी म्हणायचं तर चमचा. तरी काही महिन्यांत दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील इतके शब्द तिचे स्वतःचे झाले. तोवर उजव्या हातालाही जाग येऊ लागली होती.

एके दिवशी वाचाताई पेन्सिलीनं टेबलावर ठेका देत तिच्याकडून आकडे म्हणवून घेत होत्या. एक, दोन, तीन. जमत होतं. दहा, अकरा. वाचाताई स्वतःच चकित झाल्या. तोफ पंधरावर आली आणि तिथून घसरलीच.

“पंधरा! घ्या लालबुंद, घ्या करकरीत! पंधरा एक वार! सोळा कुणाचे? चष्मेवाले सोळा! सोळा एक वार, सोळा दोन वार, मागं बघू नका शेठ, मागं काही नाही! सतरा! लांबूशेठ सतरा! सतरा एक वार, दोन वार, तीन वार, उचला! पुढचा ढीग! घ्या लालबुंद…”

अख्खं दालन गोळा झालं. कणेवाले खुर्च्या पळवत आले. नणंद तर टाळ्या वाजवत रडत होती आणि रडत टाळ्या वाजवत होती. इतक्या महिन्यांनी तोच आवाज, तोच झपाटा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तोफेच्या मात्र अंगावर काटा आला होता. तोंड आपोआप चाललं होतं. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखं. तिला मध्येच नणंदेला म्हणायचं होतं, “अगं, रडतेस काय?” पण त्या धावत्या गाडीत तिचा स्वतःचा एक शब्द चढेना. थांबायचं कसं तेही कळेना. शेवटी तिनं डाव्या हातानं आपलंच तोंड दाबून धरलं, तेव्हा ते बंद झालं.

टाळ्या न वाजवणाऱ्या एकट्या वाचाताई. गर्दी हटवल्यावर त्या जवळ बसल्या. “घाबरलात ना? घाबरण्यासारखंच आहे. पाढे, शिव्या, जन्मभर घोटलेली पुकार, हे डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं. त्या कप्प्याला काही झालं नाही. पण ते तोंडाचं आहे, तुमचं नाही. आपल्याला तुमचं हवंय.”

तोफेनं मान हलवली. हेच तिला म्हणायचं होतं.

आता या योजनेची गंमत ऐका. दर काही महिन्यांनी पाहणीला साहेब येत. रोग्यात सुधारणा दिसली नाही, तर “आशा नाही” म्हणून पैसे बंद. सुधारणा फार दिसली, तर “काम झालं” म्हणून पैसे बंद. स्टेअरिंगनं केंद्रात आल्या आल्या तोफेला धडा दिला होता. “साहेबांपुढं लंगडायचं, पण पडायचं नाही. चाचणीत नापास व्हायचं नाही आणि पास तर अजिबात व्हायचं नाही.” पण त्याला स्वतःला ते साधलं नाही. मागच्या पाहणीत साहेबांनी त्याला पायाचा अंगठा हलवायला सांगितला. अंगठ्यानं दाद दिली नाही, आणि स्टेअरिंगचे पैसे थांबले. त्यानं समितीकडे दाद मागितली होती. तोवर केंद्रानं त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर तसंच राहू दिलं होतं.

हा धडा नणंदेच्या कानावर कुणी घातला नाही. पाहणी म्हणजे घरी पाहुणे येणं, अशीच तिची समजूत. आणि पाहुणे आले की आपल्या माणसाचं चांगलं ते पुढे करायचं, ही जन्माची सवय. लहानपणी तिलाही असंच पाहुण्यांसमोर उभं करत, “म्हणून दाखव ग तुझं गाणं!” त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली, वहिनीचे केस विंचरले, साहेबांसाठी बिस्किटं आणली. आणि वाचाताई नेमक्या दमा उसळल्यामुळे रजेवर.

साहेब मनमिळाऊ होते. माणूस वाईट असता तर परवडलं असतं, वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. त्यांनी तोफेला खुर्ची सरकवली, विचारपूस केली. “काय, बोलता येतंय का आता?”

तोफ योग्य शब्दासाठी आत उतरली. पोहरा निम्म्यावर आला होता, आणि नणंद बोललीच. “अहो साहेब, येतंय म्हणजे काय! वहिनी, म्हणून दाखवा ना यांना. लाजता काय?” आणि तिनं टेबलावर ठेका धरला. एक, दोन, तीन.

तोफेनं ओठ घट्ट मिटले. ठेका थांबेना. पंधराला तोंड सुटलंच.

साहेब खूश झाले. इतके की त्यांनी हात वर करून आपल्यातर्फे अठरा सांगितले. सगळे हसले. तोफेनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ती लांबूशेठचे सतरा पुकारत होती. साहेबांना वाटलं, बाई विनोदी आहे. बिस्किट खाऊन ते गेले.

आठवड्यानं निकाल आला: वाचा पूर्ववत. हाताचे व्यायाम घरी करावेत. योजनेचा लाभ समाप्त.

वाचाताई साहेबांच्या कार्यालयात जाऊन धापा टाकत भांडल्या. “तो लिलाव होता! ते बोलणं नव्हे!”

“ताई, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.”

“पोपटाचंही स्वतःच्या कानांनीच ऐकतात!”

उपयोग झाला नाही. समितीपुढे जायची वाट होती, पण केंद्रातल्या कुणाला तिथं बोलता येत नसे. केंद्राचे लोक आपल्याच पोटासाठी बोलतात, असं धरलं जाई. बोलायचं ते रोग्यानं. ज्याला बोलता येत नाही त्यानं येऊन तसं नीट सांगायचं. हा नियम ज्यानं केला, त्याला एकदा डोळे भरून पाहायला हवं.

निकालानंतर तोफेला घरी आणलं. घरी आल्यावर नणंद दाराशीच उभी राहिली.

“वहिनी, माझंच चुकलं. मला काय ठाऊक? मला वाटलं, तुमचं कौतुक होईल.”

तोफ पलंगावर बसली होती. डोक्यात भांडणाचा अख्खा लोंढा उभा होता. अगं, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण? मी काय जत्रेतली बाहुली, की चावी दिली आणि नाचवली? जन्मात एकदा तरी गप्प बसली असतीस! आणि मग, बैस आता, रडू नकोस, जेवलीस का?

तोंडातून आलं, “मेल्या.” तिनं स्टीलचा पेला भिरकावला. तो भिंतीवर आपटून गडगडत नणंदेच्या पायाशी आला.

“मारा मला,” नणंद म्हणाली. “पण काहीतरी बोला हो!”

हे ऐकून तोफेला जे हसू फुटलं, ते अर्ध्या तोंडात मावेना. नणंद आधी घाबरली, मग तिलाही आपण काय बोललो ते कळलं. वरून कुलूपवाल्यानं फरशीवर ठोठावून विचारलं, “सुरू झालं का भांडण? झोपू का आता?”

नाही, झालं नव्हतं. तोफेचं दुखणं तेच होतं. तिला बाजार परत नको होता. क्रेटवर आता कुणी तरणा पोरगा उभा राहतो हे तिला ठाऊक होतं. तिला हवी होती ती रात्रीची जेवताना होणारी बाचाबाची. हवं ते, हव्या त्या माणसाला, वेळेवर सांगता येणं. ते वाचाताईंकडे थेंबाथेंबानं येऊ लागलं होतं, आणि एका चांगल्या माणसानं बिस्किट खाता खाता नळ बंद करून टाकला होता.

समितीपुढे जायची तारीख लागली तशी सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. बाजाराचा मालक म्हणाला, “मळके कपडे घाला.” कुलूपवाला म्हणाला, “रडा. रडणाऱ्या बाईपुढं सरकार विरघळतं.” शेजारीण म्हणाली, “हात जोडायचे आणि खाली बघायचं, बस्स.”

तोफेनं सगळं ऐकून घेतलं. मग नणंदेचा हात धरून टेबलावर ठेवला आणि आपल्या डाव्या हातानं त्यावर ठेका दिला. एक, दोन, तीन.

नणंदेनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. “पुन्हा तेच? अहो, त्यानंच तर घात केला! आता काय तुम्हाला गप्पच राहायचंय तिथं. एक शब्द काढू नका.”

तोफेनं मान हलवली. नाही. पुन्हा ठेका दिला. नणंदेला कळेना, पण वहिनीचे डोळे तिनं ओळखले. व्यापारी भाव पाडायला बघतोय हे कळलं की क्रेटवरून असेच डोळे व्हायचे.

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, आणि लिफ्ट बंद. अपंगांच्या समितीची खोली! स्टेअरिंगचीही तारीख त्याच दिवशी, तिच्या पाठोपाठ. त्याला दोन शिपायांनी खुर्चीसकट वर उचलून आणलं. तो त्यांना वाटेत “डावीकडं घ्या, पुढं वळण आहे” असं सांगत होता.

आत तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला म्हातारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पैशांचं बघणारे एक सडपातळ गृहस्थ. टेबलावर पाण्याचा निळा प्लॅस्टिकचा जग.

“बसा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमचं बोलणं उत्तम सुधारलंय, असं पाहणीत आलंय. मग तक्रार काय?”

नणंदेनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. तोफेनं निळा जग ओढून आपल्यापुढं घेतला. टेबलावर ठेका दिला. आणि मुद्दाम, डोळे उघडे ठेवून, ज्या उताराची तिला भीती वाटे त्या उतारावर गाडी सोडून दिली.

“पंधरा! घ्या लालबुंद, घ्या करकरीत! पंधरा एक वार! सोळा कुणाचे? चष्मेवाले सोळा!”

सडपातळ गृहस्थ दचकले, मग हसले. “पाहा, पाहा. यांना बोलता येत नाही म्हणतात!”

“बाई, हा काय आहे?” डॉक्टरांनी जगाकडे बोट दाखवलं. ते हसत नव्हते.

“सोळा एक वार, सोळा दोन वार, मागं बघू नका शेठ!”

“हा पाण्याचा जग आहे ना?”

“मागं काही नाही! सतरा! लांबूशेठ सतरा!”

“तुमचं नाव काय? बाई, तुमचं नाव?”

“सतरा एक वार, दोन वार, तीन वार, उचला! पुढचा ढीग! घ्या लालबुंद, घ्या करकरीत…”

ती अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत बघत होती. तोंड बाजारात होतं आणि डोळे या खोलीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हे. भरल्या सभेत आपलीच लाज आपणच टेबलावर मांडायला जो राग लागतो, तो होता तो. पुकार पुन्हा फिरून आली. चष्मेवाले सोळा. तेच शब्द, तोच चढ, तोच उतार. सडपातळ गृहस्थांचं हसू विरून गेलं.

“चष्मेवाले जाऊन दोन वर्षं झाली हो,” नणंद कापऱ्या आवाजात म्हणाली. “वहिनींना माहीत आहे. त्यांच्या मातीला गेल्या होत्या त्या. पण तोंडाला माहीत नाही.”

तोफेनं डाव्या हातानं आपलं तोंड दाबून धरलं.

“कळलं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “हे बोलणं नव्हे. ही तबकडी आहे.”

नणंदेनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात सडपातळ गृहस्थ पुढे झुकले. “ठीक आहे, पाहणीत चूक झाली. पण मग प्रश्न उलटा होतो. इतके महिने उपचार होऊनही बाईंना स्वतःचं नाव सांगता येत नाही. म्हणजे सुधारणा नाही. सुधारणाच नसेल, तर पुढचा खर्च कशाच्या जोरावर मंजूर करायचा?”

घ्या. एका दारानं आत घेतलं आणि दुसऱ्या दारानं बाहेर काढलं. नणंदेचा चेहरा पांढरा पडला. “अहो, असं कसं…”

तोफेनं तिच्या गुडघ्यावर चापट मारली. गप्प.

मग ती विहिरीत उतरली. खोल. पोहरा खाली गेला, काठाला आपटला. तिचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. “थ…” ती म्हणाली.

“थकलात का?” अध्यक्षबाईंनी मायेनं विचारलं.

मान नाही म्हणाली.

“थंडी वाजतेय? पंखा बंद करू?”

नाही. कपाळावर घाम आला होता. “थ… थां…”

“थोडक्यात सांगायचं तर,” सडपातळ गृहस्थ म्हणाले, “पुढची माणसं ताटकळली आहेत, आपण…”

“थांबा!”

पुरता शब्द. वाकडा, जाड, पण तिचा. लिलावात हा शब्द नसतो. लिलावात कुणी कुणाला थांबा म्हणत नाही, तिथं सगळी घाईच. सडपातळ गृहस्थांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, तोंड तसंच उघडं.

आणि तिघं थांबले. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच अडकला. अध्यक्षबाईंनी त्याला हातानं खूण केली, तिथंच राहा. कुणी तिचा शब्द पुरा करायला धजलं नाही. ती शांतता फार लांबली. शांततेत सुशिक्षित माणसांना जेवढं अवघडल्यासारखं होतं, तेवढं तोफेला आता होत नव्हतं. इतके महिने ती त्याच घरात राहत होती.

“मी,” ती म्हणाली.

थांबली. पुन्हा उतरली.

“मी… भां… भांडणार.”

नणंदेनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

“अजून,” तोफ म्हणाली. आणि डाव्या हातानं टेबलावर बोट रोवलं, भाव ठरला, आता मागं नाही, असं.

डॉक्टर अध्यक्षबाईंकडे वळले. “आरंभी यांच्याकडे एकच शिवी होती. आत्ता यांनी आपलं म्हणणं मांडलं. माझ्या मते ही सुधारणा. आणि ती पुरी झालेली नाही, हे तर आपण बघितलंच.”

“पण नियमात…” सडपातळ गृहस्थ म्हणाले.

“नियमात एवढंच आहे की सुधारणा असावी,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “ती घाईत असावी, असं कुठं आहे?”

उपचार पुन्हा सुरू झाले. मागितले होते त्याच्या निम्म्या मुदतीसाठी, आणि मग पुन्हा पाहणी. अध्यक्षबाईंनी हे फार मोठी भेट दिल्यासारखं हसून सांगितलं. तोफ हसली नाही, तिनं आभारही मानले नाहीत. जे आधीच आपलं होतं, ते परत घेताना आभार कसले?

बाहेर व्हरांड्यात नणंदेनं तिला मिठी मारली. “चला वहिनी, घरी जाऊ. आज मीच तुमच्याशी भांडते, तुम्ही नुसतं बसून ऐका.”

तोफ हलली नाही. समोर स्टेअरिंग खुर्चीत बसला होता. आज हॉर्न नव्हता, सल्ला नव्हता. शर्टाची गुंडी पुन्हा पुन्हा लावत होता आणि सोडत होता.

“काय म्हणाले?” त्यानं विचारलं. नणंदेनं सांगितलं. “वा,” तो म्हणाला. “म्हणजे आजचा कोटा संपला. माझा अंगठा काही अजून हलत नाही, बरं का. काल रात्रभर समजूत घातली त्याची.”

शिपायानं त्याचा पुकारा केला. त्यानं चाकांना हात घातला. तोफेनं नणंदेचा हात सोडला आणि त्याच्या खुर्चीच्या शेजारून चालू लागली.

शिपाई आडवा आला. “आत फक्त नात्यातलं माणूस. या कोण तुमच्या?”

“माझ्या वकील,” स्टेअरिंग म्हणाला.

“या? अहो, आत्ताच तर बघितलं मी. यांना बोलता येतं का?”

“थांबलात तर येतं.”

शिपायानं आत पाहिलं. सडपातळ गृहस्थ चहाचा कप ओठाला लावत होते. त्यांनी दारात तोफेला पाहिलं आणि कप खाली ठेवला. शिपाई बाजूला झाला.

तोफ आत गेली, टेबलाशेजारची खुर्ची डाव्या हातानं मागं ओढली आणि बसली. कुणी बसा म्हणायची वाट तिनं पाहिली नाही.